खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
वांगी घेतली, खरं किडकी निघाली.
पुण्याची माणसं हसतात. हसू देत.

नंदगडला जत्रेत तंबू लागला होता त्या साली.
हुबळीहून भाड्यानं आणलेला इंग्रजी पिक्चर,
तिघंजण मंगळावर जातात,
खरं जात नाहीत.
कुठल्याशा गोदामात लाल माती पसरलेली,
वर काळं कापड, कापडाला भोकं, भोकांमागं बल्ब.
साहेब म्हणतो, चाला.
ते चालतात, दोरीला टांगल्यासारखे, हळू.
घरोघरी टीव्हीपुढं जग आनंदानं रडतं.

इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं?
म्हणून मशीनशेजारी माईक धरून बसायचा
मोनाप्पा गुंजीकर, तालुका कचेरीतला कारकून.
मराठीत सांगायचा, मधेच कुणी 'एन अंत?' म्हणालं की कन्नडात,
आणि जिथं त्यालाही उमगायचं नाही तिथं मनचं.
त्याच्या पिक्चरात मधल्या अंतराळवीराला
लोंढ्याला दिलेली एक बहीण होती,
तिच्या नवऱ्याला दमा होता.
लोक तिच्यासाठी हळहळायचे.
ती पडद्यावर कधी आली नाही.

मी रिळं उलटी गुंडाळायचो. बारा वर्षांचा.
पहिल्या रात्री मंगळ दिसला तेव्हा
कौलांच्या भट्टीवरचा इनास उठून ओरडला,
'माती गर्लगुंजीची हाय लगा! मी भाजलेली हाय!'
तंबू हसून फाटायचा तेवढा बाकी होता.

दुसऱ्या रात्री तो सीन.
टेबल. दिवा. साहेब कागद पुढं सरकवतो,
तिघांतला वयानं मोठा पेन घेत नाही.
साहेब बोलत राहतो, आणि मोनाप्पा साहेबाच्या वतीनं,
न अडखळता, कचेरीतल्या आवाजात:
'जागेवर जाऊन समक्ष पाहणी केली.
काम समाधानकारक आहे. सही.'

बायकांच्या बाजूनं निंगव्वा उभी राहिली,
नदीपल्याडची, लुगड्याचा काठ अजून ओला.
'मोनाप्पा, आमचा साकव बी हितंच बांधला काय रं,
ह्या कापडाखाली?'

साकव कागदावर सात वर्षं उभा होता.
दोनदा डागडुजी झाली होती त्याची.
एकदा तर रंग.

कुणी हसलं नाही. इनाससुद्धा.
मशीनची खडखड तेवढी, आणि माझ्या हातात तापलेलं रीळ.
पुढची वीस मिनिटं मंगळ एकटाच इंग्रजी बोलत होता,
आम्ही नुसती तोंडं हललेली बघितली.
अगदी शेवटी तो म्हातारा अंतराळवीर
कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोलला, लहानसं,
आणि माईक खरखरला:
'तो म्हणतोय, मी गेलो नव्हतो खरं'
आणि थांबला.

एवढी वर्षं झाली, मला अजून लागलेलं नाही
ते वाक्य तिथं संपलं होतं
की तिथून सुरू व्हायचं होतं.

पुढच्या रविवारी म्हणे मोनाप्पा
दोन माणसं आणि करवत घेऊन नदीवर दिसला,
उन्मळलेल्या फणसाचं खोड आडवं टाकायला.
म्हणे.
मी समक्ष पाहिलं नाही.

आता मी उद्यमबागेत लेथवर असतो.
मालक सांगतो, आपला एक बोल्ट वर गेलाय, रॉकेटात.
गेला असेल.
प्रत्येक खोक्यात तपासणीची चिठ्ठी टाकायची असते, खाली सही.
पेन उघडतो,
खरं पुन्हा एकदा मायक्रोमीटर लावतो.